चोर ओळखीचाच हवा



स्मृतिव्याख्यानाचा विषय वजनदार हवा, अशी आपल्याकडची रीत आहे. मी संयोजकांना कळवले की एका इंग्रजी मालिकेतल्या खलनायिकेवर बोलेन. ते आनंदाने हो म्हणाले. पत्रिका हातात आली तेव्हा तिच्यावर ‘काळ, कल्पना आणि समाज’ असे छापलेले होते. त्यांची अडचण मला समजते. बोलणार मात्र मी खलनायिकेवरच आहे. काळ आणि समाज वाटेत भेटले तर त्यांनाही नमस्कार करू.

मालिकेचे नाव ‘डॉक्टर हू’. बीबीसीने ती २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी सुरू केली. १९८९मध्ये ती बंद पडली, १९९६मध्ये एका चित्रपटापुरती जागी झाली आणि २००५मध्ये रसेल टी. डेव्हिस या लेखकाने तिला पुन्हा उभे केले. नायक परग्रहावरचा आहे, स्वतःला नुसते ‘डॉक्टर’ म्हणवतो आणि टार्डिस नावाच्या यानातून काळात मागेपुढे फिरतो. लंडनच्या रस्त्यांवर पूर्वी पोलिसांना फोन करायला निळ्या खोल्या असत. यान बाहेरून तसे दिसते आणि आत पाऊल टाकले की भलेमोठे निघते. १९६६मध्ये नायकाचे काम करणारे विल्यम हार्टनेल आजारामुळे थकले, तेव्हा निर्मात्यांनी एक तोड काढली. डॉक्टरच्या जातीची माणसे मरणाच्या दारात पोचली की त्यांचे शरीर बदलते, चेहरा बदलतो, स्वभावही थोडा बदलतो. माणूस तोच राहतो. नट बदलण्याची ही सोय मालिकेला साठ वर्षे पुरली. तिचा दुसरा परिणाम तेव्हा कुणाच्या लक्षात आला नसावा. पडद्यावर कुणीही नवा माणूस आला, तरी तो जुनाच कुणीतरी असू शकतो. प्रेक्षकाला तर्क करायला याहून मोठे रान कोण देणार?

आता खलनायिका. २०२३च्या नाताळच्या भागात लंडनमधल्या एका गल्लीत मिसेस फ्लड नावाची शेजारीण दिसली. अनिता डॉब्सन या अभिनेत्रीने ती केली होती. भागाच्या अखेरीस निळे यान तिच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. ती दचकली नाही. तिने सरळ कॅमेऱ्याकडे पाहून प्रेक्षकांनाच विचारले की टार्डिस कधी पाहिली नाही का? तेवढ्या एका वाक्यावर सतरा महिने तर्क चालले. फ्लड म्हणजे पूर, पूर नदीला येतो, आणि रिव्हर ही तर डॉक्टरची बायको. म्हणून ही रिव्हर. कुणी म्हणाले, ही त्याची हरवलेली नात सुझन. कुणी म्हणाले, त्याची जुनी सहकारी रोमाना. आणि एक मोठा गट पहिल्यापासून सांगत होता की ही राणी आहे.

राणी हे त्या पात्राचे नावच आहे. पिप आणि जेन बेकर या लेखक जोडप्याने ते १९८५मध्ये आणले आणि केट ओ’मारा यांनी ते रंगवले. ही डॉक्टरच्याच ग्रहावरची शास्त्रज्ञ. तिने प्रयोगातून राक्षसी उंदीर तयार केले, त्यांनी ग्रहाच्या अध्यक्षांचे मांजर खाल्ले, म्हणून तिला हद्दपार केले. पहिल्या कथेत ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या कोळसा खाणीवर जाते आणि कामगारांच्या मेंदूतून झोप आणणारे द्रव्य काढून घेते. झोप गेलेले कामगार हिंसक होतात, यंत्रे फोडू लागतात, आणि लोकांना वाटते की हे यंत्रांविरुद्धचे नेहमीचे दंगे आहेत. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत रात्रपाळी केलेल्या माणसाला या गोष्टीत फारसे काही अद्भुत वाटणार नाही. जाताजाता हेही सांगतो की या राणीला जग जिंकायचे नाही, सूडही घ्यायचा नाही. तिला प्रयोगशाळेसाठी कच्चा माल हवा आहे. मला ती मालिकेतली सगळ्यात खरी खलनायिका वाटते.

केट ओ’मारा यांनी ती मालिकेत दोनदा केली, १९८५ आणि १९८७मध्ये. १९९३च्या एका मदतनिधी कार्यक्रमात ती ओझरती येऊन गेली. पुढे तीसहून अधिक वर्षे ती आली नाही. पण मालिकेत एखादी गूढ बाई दिसली की ‘ही राणीच’ हा तर्क ठरलेला. तो इतक्या वेळा फसला की रसिकांमध्ये त्याचा विनोद होऊन बसला. मग १७ मे २०२५ रोजी एका भागाची श्रेयनामावली सुरू झाली, ती मध्येच थांबली, आणि मिसेस फ्लड एका शरीराची दोन शरीरे होऊन उभी राहिली. ती राणीच होती. दुसऱ्या, नव्या शरीरात होती आर्ची पंजाबी.

या नावापाशी उल्हासनगरच्या मंडळींनी कान टवकारायला हरकत नाही. आर्ची पंजाबी लंडनमध्ये जन्मली, ती भारतातून तिकडे गेलेल्या सिंधी हिंदू कुटुंबातली. आडनाव पंजाबी आणि घर सिंधी हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ‘द गुड वाइफ’ या अमेरिकन मालिकेसाठी तिला २०१०मध्ये एमी पुरस्कार मिळाला. इंग्रज लेखकांनी हिंदुस्थानी नाव देऊन ठेवलेले पात्र चाळीस वर्षांनी एका हिंदुस्थानी घरातल्या मुलीकडे आले.

माझा प्रश्न वेगळा आहे. मालिकेत सगळा काळ आणि सगळे विश्व मोकळे आहे. अब्जावधी ग्रहांवरची कुणीही बाई मिसेस फ्लड असू शकली असती. तरी एकाही रसिकाला ती अनोळखी असावी असे का वाटले नाही?

याची सवय मालिकेनेच लावली, हे कबूल. १९७१मध्ये निर्माते बॅरी लेट्स आणि कथा-संपादक टेरन्स डिक्स यांनी ठरवले की डॉक्टर जर शेरलॉक होम्स असेल, तर त्याला मोरिआर्टी हवा. त्यातून ‘मास्टर’ आला. रॉजर डेलगाडो या नटाने तो केला आणि त्या वर्षीच्या पाचही कथांत खलनायक तोच ठेवला गेला. कथा कुठेही सुरू होवो, कारखान्यात नाही तर तुरुंगात, पडद्यामागे मास्टरच. डेलगाडो १९७३मध्ये तुर्कस्तानात मोटार अपघातात गेले. पात्र संपले नाही. १९८१मध्ये मरायला टेकलेला मास्टर एका सज्जन शास्त्रज्ञाचे शरीर बळकावतो. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू मरता मरता बाहुल्यात शिरतो, तीच ही विद्या, आपला चित्रपट १९९३चा. त्या शास्त्रज्ञाचे नाव ट्रेमस. इंग्रजी अक्षरे हलवली की त्याचे मास्टर होते. पुढच्याच वर्षी बीबीसीने आणखी खोडी काढली. मास्टर करणारे अँथनी उर्फ टोनी आइनली यांचे नाव छापले तर गुपित फुटेल, म्हणून नटांच्या यादीत नील टॉयने असे एक नाव आले. असा नट अस्तित्वातच नव्हता. टोनी आइनलीची अक्षरे हलवून तो तयार केला होता. ज्या मालिकेत श्रेयनामावलीसुद्धा खोटे बोलते, तिच्या प्रेक्षकाने प्रत्येक शेजारणीकडे संशयाने पाहिले तर त्याला काय बोल लावणार?

पण सवयीने सगळे उत्तर मिळत नाही. त्यासाठी मी तुम्हाला लंडनहून वालधुनी नदीच्या काठी आणतो.

अंबरनाथचे शिवमंदिर कुणी बांधले? उत्तर मंदिरावरच कोरलेले आहे. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर शिलालेख आहे आणि त्यात शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे. भाऊ दाजी लाडांनी त्यातला शक ७८२ वाचला. पुढे भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ आहे असे दाखवले, म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्याच्या वळणावर मंदिर दोनशे वर्षे अलीकडे आले. टार्डिसला याहून जास्त काय जमते? पण गावात कुणालाही विचारा, मंदिर पांडवांनी बांधले, एका रात्रीत. नाशिकची लेणी पांडवांची, आडरानातले एखादे टाके तेही भीमाचे. माम्वाणी राजा होता, त्याच्या घराण्याने ठाणे-कोकणावर राज्य केले, त्याचे नाव दगडात आहे. पण तो आपल्या ओळखीचा नाही. त्याचे घर, त्याची भांडणे आपल्याला माहीत नाहीत. पांडवांची सगळी माहीत आहेत. अनोळखी मालकापेक्षा ओळखीचा मालक बरा, मग तो तिथे कधी फिरकला नसला तरी चालेल. शिलालेख वाचता येत नव्हता म्हणून हे झाले असे म्हणावे, तर आता माहितीचा फलक आहे. पांडव अजून हटलेले नाहीत.

आणि हे फक्त देवळांचे नाही, माणसांचेही आहे. चेहरा नवा, माणूस जुनाच, हा खेळ महाराष्ट्राने मालिकेच्या दोनशे वर्षे आधी खेळलेला आहे, आणि त्यात खरी डोकी उडाली.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या मरणाच्या बातमीवर मराठी मुलखाचा विश्वास बसला नाही. प्रेत सापडले म्हणावे तर शिराचा वाद, ओळख पटली म्हणावे तर ओळखणारा कोण, हा वाद. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई १७८३मध्ये वारल्या, तोवर त्यांनी कुंकू पुसले नाही. बावीस वर्षे पेशव्यांच्या घरातच एक माणूस ‘ते येतील’ या तर्कावर जगत होते. बाहेरच्यांना दोष कशाला द्यायचा? मग एक जण आला. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण. म्हणाला, मीच भाऊ. त्याला धरले, कैदेत टाकले. खरी गंमत त्यानंतरची. तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि १७७६मध्ये बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. माणसे त्याच्या झेंड्याखाली जमली. त्यांत भाऊंना जवळून न पाहिलेलेच बहुतेक असणार हे उघड आहे. पण सगळ्यांनाच काही वेड लागलेले नव्हते.

तेव्हाचे पुणे आठवा. १७७३मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. नाव काकांचे, रघुनाथरावांचे आले. गादीवर बसलेला सवाई माधवराव १७७४चा जन्म, म्हणजे दोन वर्षांचे मूल. कारभार बारभाईंच्या हातात, रघुनाथराव इंग्रजांच्या गोटात. असल्या वेळी पानिपताच्या आधीचा, घराण्यातला वडीलधारा माणूस परत आला तर कुणाला नको होता? लोकांनी चेहरा पाहिलाच नाही, रिकामी जागा पाहिली. अखेर महादजी शिंद्यांनी त्याचा मोड केला, राघोजी आंग्र्यांनी त्याला पकडले, पुण्यात पुन्हा पंच बसले, ओळखपाळख झाली, आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी १९१३मध्ये त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. मला या सगळ्या प्रकरणात ती पंचांची बैठक पाहायला आवडली असती. पंधरा वर्षांपूर्वीचा माणूस समोरच्या माणसात शोधायचा: उंची, बोलणे, अंगावरच्या खुणा, घरातल्या गोष्टी विचारून घेतलेली परीक्षा. आजचे रसिक एखाद्या भागाची चित्रे थांबवून थांबवून मिसेस फ्लडच्या भिंतीवर काय टांगले आहे हे पाहतात, तेव्हा ते हेच करत असतात. फरक एवढाच की त्यांचा तर्क चुकला तर कुणी मरत नाही.

नारायणरावांच्या खुनाचा विषय निघालाच आहे तर आनंदीबाई आठवतातच. हुकूमनाम्यातले एक अक्षर त्यांनी बदलले, हे शाळकरी पोरही सांगते. तो कागद कुणी दाखवत नाही. पण घरातली, महत्त्वाकांक्षी, आधीच नावडती बाई खलनायिका म्हणून इतकी सोयीची होती, की कागदाची गरज पडली नाही.

पानिपतावर मराठीत एक अस्सल काळप्रवासाची कथा आहे, जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. गंगाधरपंत अपघाताने अशा जगात जातात जिथे मराठे पानिपत जिंकले आहेत; विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून गेली आहे. रचना शास्त्रज्ञाची, आटोपशीर. कथेत खलनायकच नाही. जे बिघडले ते एका गोळीच्या दिशेने बिघडले. मला वाटते म्हणूनच ती कथा सगळ्यांना आवडली तरी तिच्यावर कुणी तर्क लढवत बसले नाही. ज्याच्यावर आळ घ्यावा असा माणूसच तिच्यात नाही. त्या कथेतला एक प्रसंग मात्र व्याख्यात्यांनी पाठ करून ठेवावा. गंगाधरपंत सभेतली रिकामी खुर्ची पाहून सवयीने अध्यक्षस्थानी जाऊन बसतात आणि भाषण सुरू करतात. त्या जगात अध्यक्षीय भाषणे कधीच बंद झालेली असतात. लोक टोमॅटो आणि अंडी फेकतात. मी घड्याळाकडे लक्ष ठेवून आहे.

दूरचित्रवाणीवर आपल्याकडे हा खेळ ज्यांनी पुरता ओळखला ते ‘रात्रीस खेळ चाले’वाले. २०१६मध्ये झी मराठीवर ही मालिका सुरू झाली तेव्हा घरातले वडीलधारे अण्णा नाईक पहिल्याच दिवशी गेले, आणि मग नाईकांच्या वाड्यातल्या प्रत्येक माणसावर आलटून पालटून संशय फिरवला गेला. सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये उभे राहायला जागा मिळाली की चर्चा तीच: काल बघितलेस? हा नाही, ती असणार. २०१९मध्ये दुसरे पर्व आले ते काळात मागे गेले, अण्णांच्या हयातीत. शेवट ठाऊक, माणूस वाईट हेही ठाऊक. तरी, किंवा म्हणूनच, लोक अण्णांवर आणि त्यांच्या प्रेयसी शेवंतावर लुब्ध झाले. आधीच्या पर्वात मेलेला माणूस पुढच्या पर्वात जिवंत भेटतो आणि आपल्याला तो जुना ओळखीचा वाटतो.

तेव्हा ‘डॉक्टर हू’च्या लेखकांपुढे दोन वाटा होत्या. ओळखीचा माणूस द्यायचा, किंवा नाकारायचा. डेव्हिस यांनी वर्षभराच्या अंतराने दोन्ही करून पाहिले, आणि मला त्यातले नाकारणे जास्त आवडते.

२०२४मध्ये नायिका होती रूबी संडे, नाताळच्या आदल्या रात्री चर्चच्या दाराशी सोडलेली मुलगी. तिची आई कोण? डगला घातलेली एक आकृती दिसते, चेहरा दिसत नाही. त्याच पर्वात सुझन ट्रायड नावाची उद्योजिका होती. एस ट्रायडची अक्षरे हलवली की टार्डिस होते, आणि सुझन तर डॉक्टरची नात. रसिकांनी हे हेरले. लेखकाला हे हेरले जाणार हे ठाऊक होते, म्हणून कथेतली पात्रेही तेच हेरतात आणि डॉक्टर नातीच्या आशेने हळवा होतो. तो सापळा होता. सुझन ट्रायडची टेक्नॉलॉजी कंपनी म्हणजे थोडक्यात स्यू टेक, आणि त्यातून उगवला सुटेख, १९७५च्या एका कथेतला मृत्युदेव. आवाजही त्याच नटाचा, गेब्रिएल वुल्फ यांचा, एकोणपन्नास वर्षांनी. इथवर सगळे ओळखीचेच. पण सुटेख सगळे विश्व मारून टाकतो आणि रूबीला मात्र जिवंत ठेवतो. तिची आई कोण हे त्याला दिसत नाही आणि कळल्याशिवाय राहवत नाही. खलनायकच रसिकांच्या रांगेत येऊन बसला! उत्तर येते तेव्हा ती असते पंधराव्या वर्षी आई झालेली एक साधी मुलगी, आता नर्स. ना देवी, ना राणी. आपण तिला महत्त्व दिले म्हणून ती महत्त्वाची झाली, असा खुलासा येतो. पुष्कळ रसिक चिडले. फसवले म्हणाले. पटकथेत ढिसाळपणा होता हे मलाही मान्य आहे. चर्चच्या दाराशी पडलेल्या बर्फाचा खुलासा धड होत नाही. तरी एवढ्या मोठ्या मालिकेने, एवढ्या गवगव्यानंतर, एका माम्वाणीला माम्वाणीच राहू दिले.

पुढच्या वर्षी रसिकांना राणी मिळाली. मग काय झाले? १७ मेला ती प्रकटली आणि ३१ मेला ओमेगा नावाच्या आणखी एका जुन्या खलनायकाने आर्ची पंजाबीची राणी गिळून टाकली. तीसहून अधिक वर्षांची वाट, दोन भागांत खलास. खाणकामगारांची झोप चोरणाऱ्या त्या थंड डोक्याच्या बाईला करायला काही उरलेच नाही. मिसेस फ्लड तेवढी निसटली. कुठे, यावर तर्क अर्थातच सुरू आहेत. बीबीसीने २०२६च्या नाताळला नवा भाग जाहीर केला आहे, तोवर चालतील.

आता या मालिकेचा एकच भाग, जो मी मुद्दाम या भागातल्या श्रोत्यांसाठी राखून ठेवला.

२०१८च्या पर्वात ख्रिस चिबनल यांनी ठरवले की जुना खलनायक एकही आणायचा नाही. त्या पर्वात ११ नोव्हेंबरला ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ हा भाग आला. लेखक विनय पटेल. यास्मिन ही शेफील्डची तरुणी आजीच्या भूतकाळात जाते आणि पोचते १७ ऑगस्ट १९४७ला पंजाबात, रॅडक्लिफची रेषा जाहीर झाली त्या दिवशी. मुसलमान असलेली आजी उंबरीन एका हिंदू तरुणाशी, प्रेमशी, लग्न करणार आहे. लग्न लावायला आलेला साधू मेलेला सापडतो आणि प्रेताजवळ दोन भयंकर परग्रहवासी उभे दिसतात. डॉक्टरला ठाऊक आहे की ही मारेकऱ्यांची जात आहे. प्रेक्षकालाही वाटते, सापडला चोर. ते मारेकरी नसतात. त्यांचा ग्रह नष्ट झाला आहे, आणि जे एकटे, कुणाच्या नजरेस न पडता मरतात त्यांच्या मरणाला साक्षी राहायचे एवढेच काम त्यांनी आता घेतले आहे. साधूला मारलेले असते प्रेमच्या धाकट्या भावाने, मनीषने. तोच हत्यारबंद टोळी घरी आणतो आणि प्रेम मरतो. डॉक्टरला थांबवता येत नाही; प्रेम जगला तर यास्मिनच जन्मत नाही.

हे चित्रीकरण स्पेनमध्ये झाले, आणि त्यातला पंजाब थोडा जास्तच रिकामा दिसतो, हा आक्षेप आहेच. पण कथेने काय केले पाहा. गोष्टीत आपल्याला खलनायक ओळखीचा लागतो हे मी इतका वेळ सांगत आलो. प्रत्यक्षात आपली मागणी बरोबर उलटी असते. प्रत्यक्षात तो अनोळखी असावा, बाहेरचा असावा. इथल्याच सिंधी माणसांचे घ्या. सिंधमधून रेषा गेलीच नाही, अख्खा प्रांत पलीकडे गेला. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल उसळली आणि माणसे बोटींनी मुंबईला आली, तिथून कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत. ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींनी त्या छावणीच्या गावाची पायाभरणी केली, नाव उल्हासनगर. पत्त्यात कॅम्प नंबर अजून आहे. त्या पिढीच्या आठवणी संशोधकांनी टिपल्या आहेत, आणि त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: शेजारी चांगले होते, ज्यांनी केले ते बाहेरून आलेले होते. पुष्कळ ठिकाणी ते खरेही असेल, सिंधमध्ये बाहेरून निर्वासित खरोखरच आले होते. पण पंजाबातही हेच ऐकू येते, आणि बंगालमध्येही. सगळीकडचे सगळे बाहेरचे असतील, तर ते कुठल्या गावचे होते?

विनय पटेलांनी बाहेरच्यांना अक्षरशः परग्रहाहून आणले आणि त्यांना निर्दोष सोडले.

अनोळखी खलनायकांचे ते पर्व पुष्कळ रसिकांना फिके वाटले, आणि १ जानेवारी २०२० रोजी मास्टर परतला. गुपित चांगले राखले होते. नट होता सॅशा धवन, मँचेस्टरकडचा, भारतीय वंशाचा. १९६३चा पहिला भाग दिग्दर्शित केला तो लखनौत जन्मलेल्या चोवीस वर्षांच्या वारिस हुसैन यांनी, लेखिका अतिया हुसैन यांच्या मुलाने. मालिकेच्या जन्मावर २०१३मध्ये चित्रपट निघाला तेव्हा वारिसची भूमिका याच धवनने केली होती. मालिकेचा पहिला दिग्दर्शक आणि तिचा जुना खलनायक असे दोघेही त्याच्या वाट्याला आले.

मास्टरच्या त्या पुनरागमनात एक प्रसंग आहे. १९४३चे पॅरिस. मास्टर नाझी अधिकाऱ्याच्या गणवेशात आहे. पाहणाऱ्याला भुलवणारे एक यंत्र त्याच्याकडे आहे, म्हणून नाझींना तो गोरा दिसतो. डॉक्टर, जी त्या वेळी स्त्रीरूपात आहे, ते यंत्र बंद पाडते, आणि नाझी सैनिक येतात त्यांना दिसतो एक सावळा माणूस. तिच्या बाजूने त्या कथेत कोण आहे? नूर इनायत खान, टिपू सुलतानाच्या वंशातली, जिला पुढच्याच वर्षी दाखाऊच्या छळछावणीत ठार मारले गेले. प्रेक्षकांत यावर कडाक्याचे वाद झाले. माझ्या मते तो प्रसंग लिहायलाच नको होता. नायिकेने माणसाला त्याच्या कातडीच्या रंगावरून मारेकऱ्यांच्या हवाली केले, आणि तो खलनायक आहे म्हणून आपण टाळी वाजवावी अशी अपेक्षा ठेवली.

मास्टर तिथून सुटतो, पण यान गमावून बसतो. मग त्याला २०२०पर्यंत आपल्यासारखेच, रोजच्या रोज जगत यावे लागते. सत्त्याहत्तर वर्षे पृथ्वीवर. हिशेब सोपा आहे, १७ ऑगस्ट १९४७लाही तो इथेच कुठेतरी होता. दोन्ही भाग पाहिलेल्या माणसाला हे सुचणारच, आणि कुणीतरी त्यावर गोष्ट रचायलाही घेतली असेल, की त्या उन्हाळ्यात मास्टर पंजाबात होता, टोळ्यांना हत्यारे त्याने पुरवली, मनीषच्या कानात विष त्याने ओतले. रचना चोख बसेल. एकही धागा लोंबकळणार नाही, आणि रसिक खूश होतील. मला ती गोष्ट नको आहे. तीत मनीष सुटतो.